बारीक माणसाची चरबी
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या आरोग्य शिबिरातील भाषण)



लिफ्टमध्ये मला हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "डॉक्टर, मी एवढा बारीक, मला कसली शुगर?" आज त्याचंच उत्तर देतो.

जेवणातली साखर रक्तात उतरते आणि इन्सुलिन ती मार्गी लावतं. थोडी यकृतात आणि स्नायूंत साठते. यकृतातला साठा साधारण १०० ग्रॅमचा. हा घरखर्चाचा पैसा. जास्तीचं खाणं चरबी होऊन मुदत ठेवीत जातं. एक ग्रॅम साखरेतून ४ कॅलरी मिळतात, चरबीतून ९. दोन जेवणांच्या मध्ये इन्सुलिन उतरतं, ठेव मोडते, स्नायू चरबी जाळतात. सारखं चहा-बिस्कीट चालू राहिलं, तर ठेवीला हात लागणार कधी?

ही चरबी कातडीखाली राहिली तर त्रास कमी. यकृतात आणि आतड्यांभोवती साचली की इन्सुलिनचं काम अडतं. आणि ती वजनकाट्यावर कळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचंच उदाहरण दिलं. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२!

याची सुरुवात आईच्या पोटात होते. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी भरले, चरबी मात्र बरीचशी टिकून होती.

आपल्या लालबाग-परळमध्ये आजोबा गिरणीत आठ-आठ तास उभे राहायचे, वर चाळीचे जिने. भात तेव्हाही होताच, पण तो जाळणारे स्नायू राबत होते. आता गिरणीच्या जागी टॉवर आहे आणि ताटातला भात तेवढाच आहे.

तेव्हा काट्याऐवजी टेप घ्या. कमरेचा घेर पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांचा ८० च्या आत हवा. जेवल्यावर आवारात चार फेऱ्या मारा, दोन मजले जिन्याने चढा, ताटात उसळ, डाळ, मासळी वाढवा. घरात कुणाला मधुमेह असेल तर बारीक माणसानेही साखर तपासावी. आणि घरात सून-लेक गरोदर असेल, तर तिला सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसवू नका. सोसायटीच्या सुवर्णमहोत्सवाला स्टेजवर तिचंच बाळ उभं असणार आहे.