पनवती, पंक्चर आणि पाच वेळा 'का?'

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



काल या व्यासपीठावर गाणं झालं, उद्या बालगोपाळांचं नाटक आहे. मधल्या दिवशी कार्यकारिणीने मला उभं केलंय. मेंटेनन्समध्ये नोकरी संपवलेला माणूस, म्हणून विषयही मला साजेसा दिलाय : 'मी आणि माझी मोटारसायकल'. घाबरू नका, आरतीच्या आधी संपवतो. प्रसाद थंड होऊ देणार नाही.

भिलाईतल्या मराठी घराचं एक चाक कायम नागपूरच्या रस्त्यावर असतं, असं मी नेहमी म्हणतो. कुणाचं सासर तिकडे, कुणाचे आई-वडील तिकडे, आणि लग्नाचा बस्ता तर तिकडेच बांधायचा असतो. 1959 साली इथली पहिली झोतभट्टी पेटली. त्या काळापासून आपली माणसं राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा या वाटेने ये-जा करताहेत. रस्त्याचा नंबर बदलला, सहाचा त्रेपन्न झाला, पण ओढ तीच. रेल्वेचं आरक्षण मिळालं नाही की मोटारसायकल काढायची. म्हणून टायर आणि पंक्चर हा आपल्या अगदी घरचा विषय आहे.

आता एक गंमत सांगतो. आपण जिला 'स्टेपनी' म्हणतो, तो शब्द कुठला? सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचं. वेल्समध्ये लानेली नावाचं गाव आहे. तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी 1904 साली मोटारीसाठी जादा चाक बनवायला सुरुवात केली. त्या रस्त्याचं नाव चाकाला चिकटलं आणि आपल्याकडे ते घरोघरी पोचलं. आपल्या स्कूटरलाही स्टेपनी होती. 1972 साली चेतक आली, तिच्या पाठीवर ते चाक असायचं. पंक्चर झालं की स्कूटर कलती करायची, नट काढायचे, चाक बदलायचं आणि निघायचं. मोटारसायकलवाल्याला ही सोय नाही. त्याचं चाक बसलं की तो जिथे असेल तिथे उभा. आणि उभ्या माणसाच्या डोक्यात पहिला विचार येतो नशिबाचा.

माझ्या गाडीच्या नशिबाची गोष्ट ऐका. 2006 च्या पावसाळ्यात मागचं चाक एका खड्ड्यात जोरात आपटलं आणि रिमला बाक आला. एका वर्कशॉपमध्ये बाक काढून झाला, काही स्पोक बदलले, चाकाचा आऊट काढून गाडी हातात आली. चाक गरगर फिरवून दाखवलं, सुतासारखं सरळ. बिल चुकतं झालं.

त्यानंतर नोव्हेंबरमध्ये पहिलं पंक्चर झालं. सकाळची पाळी, बोरिया गेट अजून दोन किलोमीटर आणि अंधार. डिसेंबरमध्ये दुसरं, जानेवारीत तिसरं. प्रत्येक वेळी मागचंच चाक. फेब्रुवारीत चौथं झालं तेव्हा ट्यूब नवी टाकली. एप्रिलमध्ये नव्या ट्यूबचंही पंक्चर झालं! मधल्या काळात क्लचची केबल तुटली, बॅटरी बसली. म्हणजे गाडीने मला धडपणे एक महिना दिला नाही.

आता भिलाईच्या वसाहतीत अशी बातमी लपते थोडीच! कँटीनमध्ये सल्ले सुरू झाले. एकाने गाडीच्या नंबराची बेरीज केली, ती आली आठ. "आठ म्हणजे शनी, साहेब, गाडी विका." दुसऱ्याने लिंबू-मिरची आणून दिली. ती मी बांधली, आणलेली वस्तू वाया कशाला घालवायची! तिसरा म्हणाला, शनिवारी नारळ फोडा. नारळही फुटला, खोबऱ्याची चटणी झाली. आमच्या घरी एक मावशी आल्या होत्या, त्यांनी तर पनवती हा शब्दच उच्चारला आणि त्या दिवसापासून गाडीचं बारसं झालं. "आज पनवती आणली की सायकल?" असं लोक विचारू लागले.

इथवर सगळा विनोद होता. पण मे 2007 मध्ये सासऱ्यांचं नागपूरला ऑपरेशन ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता. गाडीचं आरक्षण नाही, म्हणून पहाटे आम्ही दोघं मोटारसायकलवर निघालो. देवरी मागे टाकली, जंगलाचा पट्टा लागला, आणि कोहमाऱ्याच्या अलीकडे मागचं चाक एकाएकी डुलायला लागलं. ट्यूबच्या टायरचं हेच वाईट असतं. भोक मोठं पडलं तर हवा व्हॉल्व्हच्या आणि स्पोकच्या छिद्रांतून भसकन निघून जाते, विचार करायला वेळ देत नाही. मागे कोळशाचा भरलेला ट्रक. अशा वेळी करकचून ब्रेक दाबायचा नसतो. हँडल सरळ धरायचं, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडायचा आणि गाडीला आपण होऊन थांबू द्यायचं. तसं केलं. ट्रक हॉर्न वाजवत अंगावरून गेल्यासारखा गेला. आम्ही मुरमात थांबलो. सौभाग्यवती खाली उतरल्या, काही बोलल्या नाहीत, फक्त माझा हात घट्ट धरून उभ्या राहिल्या. त्या हाताची थरथर मला अजून आठवते. त्या क्षणी पनवती या शब्दातली गंमत संपली.

एका टेम्पोवाल्याने गाडीसकट आम्हाला साकोलीपर्यंत आणलं. तिथे रस्त्याच्या कडेला पंक्चरचं दुकान. दुकान म्हणजे ताडपत्री, हवेचा पंप आणि पाण्याचं घमेलं. वयस्कर गृहस्थ होते. "बसा ताई सावलीत," म्हणाले आणि कामाला लागले. मी आपली सवयीप्रमाणे कहाणी सुरू केली, की काका, हे सहावं पंक्चर, नशीबच फुटकं आहे. ते ऐकत होते की नाही कोण जाणे. त्यांची नजर कॅरिअरवर होती. कॅरिअरला बॅग बांधली होती जुन्या ट्यूबने. तीच ट्यूब, फेब्रुवारीत काढलेली!

"ते सोडा जी, पाहू," ते म्हणाले.

त्यांनी दोन्ही ट्यूबा जमिनीवर शेजारी ठेवल्या, व्हॉल्व्हला व्हॉल्व्ह लावून. जुन्या ट्यूबवर चार ठिगळं, नवीवर एक ठिगळ आणि एक ताजं भोक. मग त्यांनी वीत टाकली. सहापैकी दोन ठिगळं बाहेरच्या अंगाला होती, कुठेही, एकमेकांशी संबंध नसलेली. उरलेली चारही आतल्या अंगाला, म्हणजे रिमकडे, आणि चारही व्हॉल्व्हपासून एक वीत चार बोटांवर!

"हे दोन काटे," ते म्हणाले, "आणि हे चार म्हणजे तुमच्या चाकातच बसलाय कोणी."

मंडळी, इथे थोडं थांबू या, कारण व्याख्यानाचा सगळा अर्क इथे आहे. व्हॉल्व्ह रिमच्या ठरलेल्या छिद्रातूनच बाहेर येतो, म्हणून ट्यूब चाकात फिरत नाही. टायर बदला, ट्यूब बदला, पण रिमवरची एक जागा ट्यूबच्या त्याच जागी येणार. भोक पुन्हापुन्हा त्याच अंतरावर पडत असेल, तर कारण रिमवर आहे. त्यांनी रिमवरून बोट फिरवलं आणि एका ठिकाणी थांबले. एका स्पोकचं टोक निपलच्या बाहेर दाण्याएवढं आलं होतं. आणि स्पोकची टोकं झाकणारी जी रबरी पट्टी रिमवर असते, ती चाकात नव्हतीच. पावसाळ्यात स्पोक बदलले तेव्हा काढलेली पट्टी परत बसलीच नव्हती!

त्यांनी कानस घेऊन टोक घासलं, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून रिमवर चढवली, टायरच्या आतून हात फिरवून काटा राहिला नाही ना हे पाहिलं, आणि हवा भरली. मजुरी वीस रुपये. आम्ही संध्याकाळी नागपूरला पोचलो, ऑपरेशनला हजर राहिलो, सासरे पुढे बरीच वर्षं होते. आणि ती ट्यूब त्यानंतर अडीच वर्षं चालली. नंबराची बेरीज आठच होती.

आपल्या कारखान्यात आपण काय करतो? एखादी बेअरिंग तीन महिन्यांत तीनदा गेली तर कुणी लिंबू बांधत नाही. टोयोटाच्या कारखान्यात ताइची ओनो यांनी रुजवलेली पद्धत आपल्यापैकी अनेकांनी ट्रेनिंगमध्ये शिकली आहे : पाच वेळा 'का?' विचारा. ट्यूब का बसली? भोक पडलं. भोक का पडलं? स्पोक टोचला. स्पोक का टोचला? टोक बाहेर होतं, वर पट्टी नव्हती. पट्टी का नव्हती? दुरुस्तीत परत बसली नाही. परत का बसली नाही? कारण 'चाक सरळ फिरतं' एवढंच तपासलं गेलं, काढलेलं सगळं परत गेलं का हे कुणी मोजलं नाही. पाचव्या 'का'पाशी शनी सापडत नाही, राहून गेलेलं एक काम सापडतं. साकोलीच्या काकांनी टोयोटाचं नावही ऐकलं नसेल, पण भोक बुजवण्याआधी ते भोक वाचत होते.

तुम्हालाही ते वाचता येईल. भोक बाहेरच्या अंगाला असेल तर काटा किंवा खिळा. आपल्याकडे बाभळीचा काटा मोडून टायरमध्ये राहतो, तो काढला नाही तर नव्या ट्यूबलाही तो टोचणारच. शेजारी-शेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी, म्हणजे हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटली. व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटलं तर कमी हवेमुळे टायर रिमवर सरकतोय आणि ट्यूबला ओढतोय. आणि आतल्या अंगाला भोक, म्हणजे रिम तपासा.

तरुण मंडळींसाठी चार गोष्टी. आता बऱ्याच गाड्यांना ट्यूबलेस टायर आहेत, खिळा घुसला तरी हवा सावकाश जाते, ही मोठी सोय. पण टायरचं वय तुम्हालाच बघावं लागतं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात : 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नवा म्हणून घेतलेला टायर दुकानात किती वर्षं पडून होता, ते तिथे कळतं. दुसरं, हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा आणि मागे माणूस बसणार असेल तर पुस्तिकेत लिहिलेली जादा हवा भरा. तिसरं, खाचांमध्ये उंचवट्याच्या छोट्या खुणा असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर बदला, पावसाळ्याची वाट पाहू नका. चौथं, दुरुस्ती झाली की काढलेले जुने भाग आणि जुनी ट्यूब मागून घ्या. ती तुमच्या गाडीची केस-हिस्टरी आहे.

आणि सल्ला देणाऱ्या आपल्या सगळ्यांसाठी एक. घरापासून लांब राहणाऱ्या माणसावर अडचणी लागोपाठ आल्या की आपण पटकन म्हणतो, "तुझे ग्रह बरे नाहीत." तो बिचारा मग शोधायचंच सोडून देतो, आणि टोक चाकात तसंच राहतं. त्यापेक्षा त्याच्याबरोबर बसा, दोन्ही ट्यूबा शेजारी ठेवा, वीत टाका. दोन काटे दैवाचे निघतील, ते मान्य करू. उरलेल्या चारांना कारण असतं.

आपण विघ्नहर्त्यासमोर बसलो आहोत. तो बुद्धीचाही देव आहे, हे विसरू नये. विघ्न त्याने हरावं अशी प्रार्थना जरूर करू, पण रिमवरून बोट आपणच फिरवायचं आहे.

आरतीची वेळ झाली.  दिवाळीला नागपूरला निघण्याआधी हवा तपासा.

गणपती बाप्पा मोरया!