ज्वालामुखीच्या पाठीवर : काँतालच्या आडवाटा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या ‘सभासदांचे अनुभव’ या कार्यक्रमातील भाषण. स्मरणिकेसाठी वक्त्यांनी स्वतः लिहून दिले.)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा लिफ्ट सुरू व्हायची होती. मी रोज चार मजले चढायचो. त्या सवयीचा उपयोग मला पुढे फ्रान्समध्ये होणार आहे, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. सेक्रेटरींनी मला वीस मिनिटं दिली आहेत. बँकेतला माणूस आहे, वेळेचा हिशेब चोख ठेवीन.

माझी मुलगी आणि जावई फ्रान्सच्या मधोमध असलेल्या क्लेरमाँ-फेराँ या गावी राहतात. मिशेलिन टायरचं मुख्य ठाणं ते हेच. गावातलं मोठं चर्च काळ्या दगडाचं आहे. पहिल्याच दिवशी मी त्या दगडावर हात ठेवला आणि हिला म्हटलं, “अगं, हा तर आपल्याकडचाच!” म्हणजे अगदी आपल्याकडचा नव्हे, पण चुलतभाऊ नक्की. लाव्हाचाच दगड. त्या शहराच्या पश्चिमेला साधारण ऐंशी विझलेल्या ज्वालामुखींची एक रांगच्या रांग दक्षिणोत्तर उभी आहे. 2018 साली तिला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

त्यातला सर्वांत उंच प्वी द दोम, 1465 मीटर. 1648 साली पास्कल या शास्त्रज्ञाच्या सांगण्यावरून त्याच्या मेव्हण्याने पाऱ्याची नळी घेऊन हा डोंगर चढला. वर गेल्यावर नळीतला पारा सुमारे आठ सेंटिमीटर खाली उतरला, आणि हवेला वजन असतं व उंचीवर ते कमी होतं हे सिद्ध झालं. आपल्या मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकातला ‘पास्कल’ तो हाच. आता तिथे पंधरा मिनिटांत आगगाडी वर नेते. आम्हीही गाडीनेच गेलो. वर उपाहारगृह, दुकान, रांग, फोटो. छान आहे, पण आर्थर सीटला मे महिन्यात जाऊन आल्यासारखं वाटलं.

पुढच्या रविवारी जावयांनी दक्षिणेला काँताल जिल्ह्यात नेलं. काँताल हा एकच ज्वालामुखी, पण सत्तर किलोमीटर रुंदीचा. युरोपातला विस्ताराने सर्वांत मोठा. एक कोटी तीस लाख वर्षांपूर्वी तो पेटायला लागला आणि वीस-तीस लाख वर्षांपूर्वी शांत झाला. मग हिमनद्यांनी तो कोरला. त्यामुळे मध्यभागी शिखरं उरली आणि चाकाच्या आऱ्यांसारख्या दऱ्या चहूकडे गेल्या. दोन दऱ्यांच्या मध्ये जे सपाट, उतरतं पठार राहिलं त्याला ते लोक ‘प्लानेझ’ म्हणतात. आमच्या पाटण तालुक्यात त्याला ‘सडा’ म्हणतात. शब्द वेगळा, वस्तू तीच.

फरक एवढाच की आपल्या सह्याद्रीला असा शंकू नाही. आपल्याकडे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन भेगाळून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर पसरत गेला. म्हणून आपले डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात. वयाने म्हणाल तर काँताल आपल्या सह्याद्रीपुढे शेंडेफळ.

त्या रविवारी आम्ही प्वी मारी या शिखराखाली गेलो. 1783 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा उंच. पण 1589 मीटरपर्यंत मोटारी जातात, आणि पुढे शिखरापर्यंत सिमेंटच्या पायऱ्या! पार्किंगला जागा नाही. मी पायऱ्या चढलो, फोटो काढला, उतरलो. उतरताना मुलीला म्हटलं, “हे पर्यटन झालं. चालणं कुठे झालं?” ती म्हणाली, “बाबा, चालायचं असेल तर पलीकडे चला. तिथे कुणी जात नाही.”

मग जूनअखेरीस आम्ही दोघंच निघालो. हिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, ती नातवाजवळ थांबली. मी तेव्हा बहात्तर वर्षांचा. क्लेरमाँहून सुमारे दोन तास रेल्वे, म्युरा हे गाव. गावाच्या डोक्यावर एक खडक आहे, त्यात दगडाचे उभे खांब रचून ठेवल्यासारखे. ज्यांनी अंधेरीचा गिल्बर्ट हिल पाहिला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. लाव्हा हळूहळू थंड होताना आकसतो आणि त्याचे असे बहुकोनी खांब पडतात.

म्युराहून टॅक्सीने दिएन नावाच्या छोट्या गावी गेलो. एक चर्च, दगडी घरं, छपरांवर जाड दगडी पाट्या. आणि बंद दरवाजे. मी सवयीने मोजायला लागलो. आमच्या मुक्कामाच्या गल्लीत अकरा घरं, त्यांतली सात बंद. खिडक्यांच्या फळ्या लावलेल्या, उंबऱ्यावर गवत. मुलीला काही बोललो नाही. पण आमच्या गावचं आमचं घर डोळ्यांपुढे आलं. तेही सहा वर्षं बंद होतं. शेजारच्या गावच्या एका गृहस्थांनी घर आणि सड्यावरची जमीन मागितली होती, भावाबहिणींच्या सह्या झाल्या होत्या, माझी एकट्याची राहिली होती. कागद माझ्या बॅगेत होता. आल्यावर करू म्हणून बरोबर घेऊन आलो होतो, का ते मलाही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी गावामागच्या लिमों पठारावर चढलो. दीड तासाचा चढ, मग नजर पोचेल तिथवर गवत. झाड नाही, दुकान नाही, माणूस नाही. गाई मात्र शेकडो. सालेर जातीच्या, गडद तांबड्या, वीणेसारख्या वळलेल्या शिंगांच्या. उन्हाळ्यात त्यांना वर आणतात. पूर्वी गुराखी वरच राहायचे, दगडी झोपडीत, आणि तिथेच चीज करायचे. त्या झोपडीला ‘ब्युरों’ म्हणतात. आता बहुतेक पडक्या आहेत.

दोन वाजता ढग खाली आला. दहा पावलांपलीकडचं दिसेना. तिकडे पायवाटांना रंगाच्या पट्ट्यांच्या खुणा असतात. लांबच्या वाटेला पांढरा-तांबडा, छोट्या फेरीला पिवळा. फुली दिसली की समजायचं, ही वाट नव्हे. पण पठारावर खूण रंगवायला झाडच नाही! कुठे कुंपणाचा खांब, कुठे धोंडा. मुलगी म्हणाली, “बाबा, शेवटची खूण पाहिली तिथे परत जाऊ.” मी म्हणालो, “पुढे चल, मला दिशा कळते.” शाखा व्यवस्थापक म्हणून नऊ वर्षं काढलेली, माझंच खरं! अर्धा तास चाललो आणि एका तारेच्या कुंपणाशी आलो. वीस मिनिटांनी पुन्हा त्याच कुंपणाशी. माझा रुमाल तिथे पडला होता, म्हणून कळलं.

मुलीने नकाशा घडी घातला आणि शांतपणे म्हणाली, “बाबा, तुम्हाला काही झालं तर आईला मी काय सांगू?” तिचा आवाज चढला नाही. तोच मला लागला. मी खाली बसलो. म्हटलं, “तू सांगशील तसं.” मुलांच्या हाती सूत्रं द्यायची असं आपण बोलतो, पण त्याची तारीख आपण ठरवत नाही. माझी तारीख त्या दिवशी आली.

कुंपण धरून आम्ही उताराला लागलो आणि एका ब्युरोंपाशी पोचलो. भिंतीच्या आडोशाला बसलो. तासाभराने एक जुनी जीप आली. गाई बघायला आलेला शेतकरी, माझ्याच वयाचा. त्याने आम्हाला पाहिलं, मुलीशी दोन वाक्यं बोलला आणि जीपचं दार उघडलं. आधी गाई, मग आम्ही. एक गाय आजारी होती, तिला पाहूनच निघाला.

त्याच्या घरी चुलीजवळ बसवलं. बटाटे आणि ताजं चीज परतून केलेली ट्रुफाद नावाची भाजी ताटात. शाकाहारी म्हटल्यावर बायकोने मांस वगळून केली. मुलगी दुभाषी. तो सांगत होता की सालेर गाईजवळ वासरू नसेल तर ती दूध देत नाही. आधी वासराला पाजायचं, मग ते तिच्या पुढच्या पायाला बांधायचं, मग धार काढायची. मी म्हटलं, “आमच्याकडेही वासरू लावल्याशिवाय गाय पान्हा सोडत नाही.” मुलीला ‘पान्हा’चं फ्रेंच काही सापडेना. तिने हाताने दाखवलं. म्हातारी खळखळून हसली. समजलं!

मग बंद घरांचा विषय निघाला. दीडशे वर्षांपूर्वी या जिल्ह्यात दोन लाखांवर माणसं होती, आज दीड लाखाच्या आत आहेत. माणसं पॅरिसला गेली. आधी पाणी वाहिलं, मग कोळसा विकला, कोळशाच्या दुकानात एका बाजूला दारू आणि कॉफी सुरू केली. पॅरिसमध्ये त्यांना ‘बून्या’ म्हणत. पुढे शहरातले किती तरी कॅफे या डोंगरी लोकांच्या हाती आले. मी ऐकत होतो आणि माझे वडील आठवत होते. मसजिद बंदरला हमाली, गावकीच्या खोलीत पंधरा माणसं, प्रत्येकाची ट्रंक आणि वळकटी. त्यांच्या त्या हमालीवर मी पदवीधर झालो आणि बँकेत लागलो.

शेतकऱ्याने विचारलं, “तुमची जमीन आता कोण बघतं?”

मुलीने मराठीत सांगितलं. उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी म्हटलं, “कुणी नाही.” तो काही बोलला नाही. माझ्या ताटात आणखी भाजी वाढली.

बँकेत नियम आहे. खात्यात दोन वर्षं खातेदाराने व्यवहार केला नाही की ते निष्क्रिय होतं. दहा वर्षांनी पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. पण एक रुपयाचा व्यवहार करायला खातेदार स्वतः आला, की खातं पुन्हा चालू करता येतं. मी आयुष्यभर लोकांना पत्रं पाठवली, ‘आपले खाते निष्क्रिय झाले आहे’. माझं स्वतःचं मात्र मी पाहिलं नव्हतं.

आल्यावर मी सही केली नाही. यावरून घरात वाद झाला, तो लपवत नाही. धाकट्या भावाला पैशांची गरज होती आणि त्याचं चूक नव्हतं. शेवटी जमिनीचा खालचा तुकडा विकला, पैसे त्याला दिले. घर आणि सड्यावरची दीड एकर ठेवली. कौलं फिरवून घेतली, वीज पुन्हा जोडली. वर्षातून चार वेळा जातो. गावात राहायला गेलो असं नाही, तेवढी हिंमत माझ्यात नाही. पण व्यवहार चालू आहे.

आता जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगतो, मग बसतो. तिकडे जा किंवा आपल्या सह्याद्रीत, गोष्टी त्याच आहेत.

एक, प्रसिद्ध शिखर एकदा बघून घ्या, मग त्याच्याकडे पाठ करून चाला. दोन, दर खुणेपाशी मागे वळून पाहा. परतताना वाट वेगळी दिसते. खूण हरवली तर शेवटच्या खुणेपाशी परत या. पुढे जाण्यात पुरुषार्थ नाही. तीन, कुंपणाचं फाटक उघडलंत तर लावा, आणि गाय व वासरू यांच्या मधून जाऊ नका. चार, कागदाचा नकाशा आणि एक जादा स्वेटर घ्या, जूनमध्येसुद्धा. युरोपात मदतीसाठी 112 नंबर. आपल्याकडेही आता तोच आहे.

आणि पाचवी, न मागता. आपल्यापेक्षा तरुण माणूस बरोबर असेल तर त्याचं ऐका.

येत्या दिवाळीनंतर ज्यांना यायचं असेल त्यांच्यासाठी आमच्या सड्यावर एक दिवसाची चाल काढतो. वर पवनचक्क्या आहेत, वारा भरपूर, दुकान एकही नाही. जेवण आमच्या घरी, पिठलं-भाकरी. दहा-बारा माणसं आरामात झोपतील. नावं वॉचमनच्या वहीत लिहा. ज्यांची गावाकडची घरं बंद आहेत त्यांनी आवर्जून यावं. या सभागृहात असे किती आहेत, ते मी मोजलेलं नाही. पण चौथ्या मजल्यावरच आम्ही तिघं आहोत.

माझी वीस मिनिटं संपली. 



— एक सभासद, बी विंग (निवृत्त बँक अधिकारी)