मारियेनतालची बंद गिरणी



भूक वाढली की माणूस आपोआप पेटतो, असं आपल्यातले काही जण छातीठोक सांगतात. त्यांच्यासाठी ऑस्ट्रियातल्या एका गावाचा हिशोब मांडतो. गाव मारियेनताल. व्हिएन्नाच्या आग्नेयेला, फिशा नदीकाठी.

१८३० साली हर्मान टोडेस्को नावाच्या शेठनं तिथं गिरणी काढली. आधी गिरणी, मग तिच्याभोवती कामगारांच्या चाळी. गावाचं पोट एकाच धंद्यावर. १९२९-३० साली मंदी आली आणि एकेक खातं बंद पडलं. सूत गेलं, छपाई गेली, शेवटी माग थांबले. गावात ४७८ कुटुंबं. त्यातल्या ३६७ घरांत कामावर जाणारं कुणीच उरलं नाय.

१९३१-३२ मध्ये मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड, हान्स झाइझेल आणि त्यांच्या साथीदारांनी या गावाचा अभ्यास केला. नुसतं बघायला जायचं नाय, हा त्यांचा नियम. त्यांनी कपडे वाटले, फुकट डॉक्टर आणला, आणि मग वह्या उघडल्या.

वह्यांत काय आलं? बेकारभत्ता मुदतीचा. जळणाच्या बदल्यात झाडं तोडू लागला म्हणून एकाचा भत्ताच कापला. शेजारी शेजाऱ्याच्या चुगल्या करू लागला. कुत्रं-मांजर हरवलं तर मालक तक्रार करीना. ते कुणाच्या तरी पातेल्यात गेलं, हे त्याला ठाऊक. बायांना चूल, पोरं, ठिगळं यातून उसंत नव्हती. बाप्ये मात्र रस्त्यात दहा पावलांवर थांबायचे. वाचनालयाची फी माफ झाली, तरी पुस्तकं नेणं निम्म्यावर आलं. वेळ ढीगभर, वाचणारा कुणी नाय. कामगारांच्या पक्षाचा पेपरही घेईनासे झाले.

मनाचाही भाव निघाला. तग धरलेल्या घरांत मोठ्या माणसामागे महिना सरासरी ३४ शिलिंग येत होते. पार ढासळलेल्या घरांत १९. पंधरा शिलिंगांवर माणसाचा कणा मोजला गेला! आळशी, नालायक म्हणणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

म्हणून सांगतो, उपासमार क्रांती करत नाय. उपासमार माणूस थकवते. थकलेल्याला कुणीही हाकतो. हा अभ्यास १९३३ साली छापला, तेव्हा लेखकांची ज्यू नावं मुखपृष्ठावर नव्हती. १९३६ मध्ये याहोडा तुरुंगात गेली. १९३८ मध्ये हिटलरनं अख्खा ऑस्ट्रिया गिळला.

हे गाव ग्रामातनोइझिडलमध्ये मोडतं. तिथंच २०२० साली सरकारी रोजगार खात्यानं प्रयोग सुरू केला : दीर्घकाळ बेकार असेल त्याला, हवं असेल तर, पगारी कामाची हमी. २०२४ पर्यंत तो चालला. म्हणजे काम देता येतं. द्यायचं ठरवावं लागतं.

आणि ठरवायला भाग पाडणारी संघटना बांधायची ती हातात काम असताना, अंगात रग असताना. भोंगा बंद झाल्यावर नाय.

जयभीम!