सायकलला कर्ज द्यायचं का?

चुलीपुढं बसून, बागेत हात चालवता चालवता, नाहीतर पॅकहाऊसच्या जेवणाच्या सुट्टीत हा कार्यक्रम ऐकणाऱ्या सगळ्या तायांना, मावश्यांना आमच्या गटांचा नमस्कार. आज आम्ही कामावर जायच्या वाटेबद्दल बोलणार आहोत. कामाबद्दल आपण पुष्कळ बोलतो. रोज किती पडतो, मुकादम कसा आहे, छाटणीला किती बाया लागतील. पण घरापासून कामाच्या बांधापर्यंत जी वाट आहे, तिचा हिशोब कुठल्याच वहीत नसतो.

द्राक्षाच्या हंगामात सकाळी साडेसातला दिंडोरी-निफाडकडच्या कुठल्याही फाट्यावर उभं राहा. पिकअप येतात. मागं बाया दाटीवाटीनं उभ्या, एका हातात डबा, दुसऱ्या हातानं लोखंडी दांडी धरलेली. ऑक्टोबर छाटणी झाली की फेलफुटी काढणं, विरळणी, डिपिंग, आणि मग फेब्रुवारीपासून काढणी. काम रोज आहे, पण बाग रोज जवळची नसते. कुणाला तीन किलोमीटर, कुणाला सहा. पिकअप चुकली की त्या दिवसाचा रोज गेला. संध्याकाळी पिकअप भरेपर्यंत थांबायचं, मग अंधारात घरी.

एसटी आहे की, असं कुणी म्हणेल. आहे, आणि 17 मार्च 2023 पासून आपल्याला अर्ध्या तिकिटात प्रवास मिळतो, त्याचा फायदा आपण सगळ्या घेतो. तालुक्याला, बँकेत, दवाखान्यात, वणीच्या गडावर जायला एसटीसारखं दुसरं काही नाही. पण एसटी मळ्यात येत नाही. वस्तीवरून बागेत, बागेतून अंगणवाडीत, तिथून गटाच्या बैठकीला, या मधल्या तीन-चार किलोमीटरांना अर्धं तिकीटही नाही आणि पूर्ण तिकीटही नाही. राहिली घरची मोटारसायकल. ती घरधन्याला वेळ असेल तेव्हा आपली.

या मधल्या वाटेवरूनच आमच्या गटात एकदा चांगला वाद झाला. गटातल्या एका ताईनं अंतर्गत कर्जाला अर्ज दिला. रक्कम सहा हजार. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, सायकल घेणे. आजवर आमच्या वहीत शेळी होती, शिलाई मशीन होतं, खत-बियाणं होतं, शाळेची फी होती, दवाखाना होता. सायकल पहिल्यांदाच आली. एक मावशी लगेच म्हणाल्या, "अगं, शेळी विते. मशीनवर ब्लाउज शिवून चार पैसे येतात. सायकल काय विणार आहे?" बाया हसल्या. ती ताई मात्र हसली नाही. म्हणाली, "विणार नाही मावशी, पण रोजचे चाळीस रुपये खाणारही नाही."

मग आम्ही बैठकीतच हिशोब मांडला. तुम्हीही आपल्या गावच्या भाड्यानं मांडून बघा. जाताना वीस आणि येताना वीस असे चाळीस. महिन्याला पंचवीस दिवस काम धरलं तर एक हजार रुपये. आमच्या गटाचं व्याज महिन्याला शेकडा एक आहे. सहा हजार दहा हप्त्यांत फेडायचे, म्हणजे दरमहा सहाशे मुद्दल, पहिल्या महिन्याचं व्याज साठ. हप्ता झाला सहाशे साठ. पुढं व्याज दर महिन्याला सहा रुपयांनी उतरत जातं, आणि दहा महिन्यांचं सगळं व्याज मिळून तीनशे तीस होतं. म्हणजे जे हजार रुपये गाडीभाड्यात जात होते त्यातूनच हप्ता सुटतो, वर तीनशे चाळीस ते चारशेच्या आसपास उरतात. दहा महिन्यांनी तर पूर्ण हजार.

हे झालं पैशाचं. वेळेचा हिशोब आम्हाला त्याहून मोठा वाटतो. ज्या बाया भाडं वाचवायला पायी जातात त्यांनी ऐका. चार किलोमीटर चालायला पाऊण तास तर लागतोच. सायकल रमतगमत चालवली तरी वीस मिनिटं. जाऊन-येऊन रोजचा जवळजवळ एक तास. महिन्याला वीस-एकवीस तास. बाई एक तास लवकर घरी आली तर काय करते हे तुम्हाला सांगायला नको, बसून राहत नाही. पण निदान भाकरी टाकताना पोराचा अभ्यास तरी बघता येतो.

कर्ज मंजूर झालं. मावशींनीच ठरावाला अनुमोदन दिलं, वहीत त्यांचा अंगठा आहे.

हे काही आम्हीच पहिल्यांदा केलं असं नाही. तामिळनाडूत पुदुक्कोट्टई नावाचा दुष्काळी जिल्हा आहे. 1991 मध्ये तिथं साक्षरतेची मोठी मोहीम सुरू झाली. तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी ठरवलं की बायांना अक्षरं शिकवायची तशी सायकलही शिकवायची. कारण शिकवायला जाणारी बाईच गावोगाव पोचली नाही तर मोहीम चालणार कशी? दगडखाणीत काम करणाऱ्या, शेतमजुरी करणाऱ्या, अंगणवाडीत काम करणाऱ्या बाया सायकल शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे सगळं तिथं जाऊन लिहून ठेवलंय. ते सांगतात की एक लाखाहून जास्त बायांनी सायकल जवळ केली. 1992 च्या महिला दिनाला दीड हजारांहून जास्त बायांनी घंट्या वाजवत गावातून फेरी काढली. आणि आपल्या कामाची गोष्ट अशी, की सायकल घ्यायला बायांना कर्ज द्या म्हणून चुंकतबाईंनी बँकांच्या मागं लकडा लावला होता. लेडीज सायकली पुरेनात तेव्हा बाया दांड्याची जेंट्स सायकल चालवायला लागल्या. काहींना तीच बरी वाटली, कारण पुढच्या दांड्यावर पोर बसवता येतं!

आता शिकायचं कसं? पस्तिशी-चाळिशीतल्या बाईला पडायची भीती नसते, कुणी बघेल याची भीती असते. आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेचं मैदान धरलं, शाळा सुटल्यावरची वेळ. शिकवायला आमच्याच आठवी-नववीतल्या पोरी. एरवी आपण त्यांच्यावर ओरडतो, तिथं त्या आपल्यावर. "आई, खाली बघू नको, पुढं बघ!" एवढं एक वाक्य त्या मैदानावर शंभर वेळा ऐकलं असेल. सीट आधी इतकं खाली घ्या की दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. पॅडल मारायच्या आधी नुसतं पायानं ढकलत तोल सांभाळायला शिका. चार-पाच संध्याकाळी लागतात, कुणाला दहा. ब्रेक दाबायला शिकल्याशिवाय रस्त्यावर यायचं नाही, हा आमचा नियम. गरोदर ताईंनी आशाताईंना, नर्सबाईंना विचारल्याशिवाय सायकलवर बसू नये.

साडीचा काठ चेनमध्ये जातो ही खरी अडचण आहे. सायकल घेतानाच चेनला पूर्ण झाकण आणि मागच्या चाकाला जाळी आहे का बघा, नसेल तर बसवून घ्या. बऱ्याच जणी पंजाबी ड्रेस घालतात, ओढणीची गाठ मात्र पाठीमागं मारून खोचायची, लोंबत ठेवायची नाही. नऊवारीवाल्या आज्यांना तर काहीच अडचण नाही. कासोटा सायकलसाठीच शोधला असावा असं आम्हाला वाटायला लागलंय. पण आज्या बसायला तयार नाहीत, हा भाग वेगळा.

घरातल्यांचं काय? सासूबाई काय म्हणतील, गल्ली काय म्हणेल. पहिले आठ दिवस म्हणतात. नंतर "येताना दुकानातून तेल आण" असं म्हणतात.

रस्त्याबद्दल मात्र हसून भागणार नाही. पावसाळा संपता संपता टोमॅटोचा हंगाम भरात असतो. लिलाव गाठायला पिंपळगावकडं पिकअप सुसाट सुटतात. थंडीत उसाच्या ट्रॉल्या निघतात, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागं दिवा नसतो. अशा वेळी डांबरी सोडून खाली उतरायचं, पाय टेकवायचा, गाडी जाऊ द्यायची. मोठा रस्ता टाळून शिवरस्ता मिळत असेल तर थोडा लांब पडला तरी तोच धरा. मागच्या मडगार्डला लाल रिफ्लेक्टर लावा, सायकलच्या दुकानात तो अगदी थोडक्या पैशात मिळतो. निफाडची थंडी तुम्हाला माहीतच आहे, जानेवारीत सकाळी ब्रेकवरची बोटं वळत नाहीत. जुने लोकरी मोजे हाताला घाला.

आणि बिबट्या. आपल्याकडं उसाच्या कडेनं जाताना हे नाव घ्यावंच लागतं. अंधारात एकटीनं उसाच्या वाटेनं जायचं नाही, सायकलनं नाही आणि पायीही नाही. दोघी-तिघींनी मिळून निघा, घंटी वाजवा, मोठ्यानं बोला. दिसलाच तर वन विभागाचा 1926 हा नंबर आहे. कामावरून सुटायची वेळ अंधारात जात असेल तर मुकादमाशी आधीच बोला. आमच्या गावच्या बायांनी टोळीनं मिळून सांगितलं तेव्हा अर्धा तास आधी सुट्टी झाली. एकीनं सांगितलं असतं तर झाली नसती.

आपलं नाशिक सायकलीसाठी नावाजलेलं आहे. 2015 मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिकेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. आम्हाला त्याचा अभिमान आहे. पण सायकल म्हटलं की आता शहरात हेल्मेट आणि महागडी सायकल डोळ्यांपुढं येते, आणि कॅरिअरला विळा-डबा बांधून जाणारी बाई कुणाच्या मोजणीत येत नाही.

घरात सायकल असली तरी ती आपली असते का, हेही बघा. पोराची असते, नाहीतर पोरीची. मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी अनुदान मिळतं. ज्यांच्या मुली त्यात बसतात त्यांनी शाळेत जरूर विचारावं. पोरीची बारावी झाली की ती सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकते, वर कोंबड्या बसतात, शेवटी भंगारवाला किलोवर नेतो. त्या सायकलीला टायर-ट्यूब नवी घातली, ब्रेकचे रबर बदलले, तर कर्जाचीही गरज नाही. विकायच्या आधी घरातल्या बाईला विचारा, एवढंच आमचं म्हणणं आहे.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबककडच्या तायांना आम्ही हे सांगायला कचरतो. तिथल्या चढावर सायकल माणसाला नेत नाही, माणूस सायकलला नेतो. तिथं एसटीची फेरी वेळेवर मागणं हेच खरं काम आहे. सायकल तीन ते सात किलोमीटरच्या सपाट वाटेची सोबतीण आहे. कुणी विचारतं, मग स्कूटीच का नको? जिला परवडते तिनं लायसन काढून जरूर घ्यावी. पण तिला रोज पेट्रोल लागतं, आणि सायकलला भाकरी लागते, ती आपण तशीही खातोच.

आमच्या गावात आता सायकलनं कामावर जाणाऱ्या नऊ जणी झाल्यात. बाभळीच्या काट्यानं पंक्चर रोजचं झालं तेव्हा ग्रामसंघाच्या बैठकीत वर्गणी काढून हवेचा पंप, दोन पाने आणि पंक्चरचं सामान घेतलं. पंक्चर काढायला दोघी शिकल्यात, घरचीच म्हणून दहा रुपये घेतात. पंप अंगणवाडीत ठेवलाय. तुमच्या गटात असा अर्ज आला तर आमचा हिशोब दाखवा, आणि भाडं वेगळं असेल तर आकडे बदला. पुढच्या कार्यक्रमात बँक सखी ताई गटाच्या वह्या कशा लिहायच्या ते सांगणार आहेत. नमस्कार.