दिव्याचं बटण कुणाच्या हातात?

(रेडिओवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



कवीला दिव्यावर बोलायला सांगितलं की तो हमखास चंद्राकडे वळणार, अशी तुमची समजूत असेल. मी वळणार नाही. आज मला बोलायचं आहे ते चिकटपट्टीसारख्या एका दिव्याबद्दल. पाच मीटरचं भेंडोळं मिळतं. पाठीचा कागद सोलायचा, पट्टी कपाटाखाली किंवा छताच्या कडेला चिकटवायची आणि मोबाइलवरून लावायची, विझवायची, रंग बदलायचा. एलईडी स्ट्रिप म्हणतात तिला. हल्ली नवा फ्लॅट घेतला की ही पट्टी आलीच. मी बी. ए. मराठीचा माणूस. विजेचं माझं ज्ञान फ्यूजची तार बदलण्यापुरतं. पण या पट्टीनं आमच्या घरात जो गोंधळ घातला आणि त्यातून मी जे शिकलो, ते कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

माझं लहानपण सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेलं. मी तिसरीत असताना आमच्या घरी वीज आली. तोवर कंदील. दिवेलागणीला अम्मा चुलीतली राख फडक्यावर घेऊन कंदिलाची काच पुसायची. कंदील एकच. अब्बा हिशेब लिहायला बसले की तो त्यांच्यापाशी, भाकरी थापायची वेळ झाली की चुलीपाशी, मी पाटी घेऊन बसलो की माझ्यापाशी. ज्याला गरज, त्याच्याकडे उजेड चालत जायचा. वीज आल्यावर माजघरात झिरोचा बल्ब लागला. नाव झिरो, पण खायचा दहा-पंधरा वॅट! रात्री उठणाऱ्याला उंबरठा दिसावा एवढंच त्याचं काम, आणि ते तो बिनबोभाट करायचा.

माझा मुलगा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यानं फ्लॅट घेतला आणि आम्हा तिघांना, म्हणजे मला, माझ्या बायकोला आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या अम्माला बोलावून घेतलं. पोरानं हौसेनं घर ‘स्मार्ट’ केलं होतं. हॉलच्या फॉल्स सीलिंगमध्ये पट्टी, टीव्हीच्या मागे पट्टी, ओट्यावर पट्टी, अम्माच्या खोलीत सुद्धा चारी बाजूंनी पट्टी. मोबाइलवर बोट ठेवलं की ‘संध्याकाळ’, दुसरीकडे ठेवलं की ‘सिनेमा’, तिसरीकडे ‘पाहुणे’. आम्ही थक्क झालो. आठवडाभर घरात रोज रंगपंचमी होती.

मग एकेक कुरबूर सुरू झाली.

पहिली बटणाची. खोलीतून निघताना भिंतीवरचं बटण बंद करायचं, ही अम्माची पंचेचाळीस वर्षांची सवय. तिनं बटण बंद केलं की पट्टीच्या कंट्रोलरचाच वीजपुरवठा तुटायचा. मग मोबाइलवर कितीही बोटं फिरवा, दिवा ‘ऑफलाइन’. शेवटी मुलानं बटणावर कागद चिकटवला: ‘हात लावू नये’. अम्मानं तो चष्मा लावून वाचला आणि म्हणाली, “माझ्याच खोलीत?” आम्ही हसलो. हसायला नको होतं.

दुसरी कुरबूर भारनियमनासारख्या एका रात्रीची. वीज गेली होती ती अडीच वाजता आली आणि घरातल्या सगळ्या पट्ट्या एकदम, पुऱ्या ताकदीनं, पांढऱ्याफटक पेटल्या. अम्मा दचकून उठली. तिला वाटलं, फजरची वेळ टळून गेली. बिचारी वजू करून बसली आणि मग तिला घड्याळ दिसलं.

तिसरी मात्र कुरबूर म्हणण्यासारखी नव्हती. गेल्या पावसाळ्यात एका रात्री इंटरनेट बंद पडलं. अम्माला मोबाइल जमत नाही म्हणून मुलानं तिच्या उशाशी एक बोलकं यंत्र ठेवलं होतं. ती त्याला अदबीनं सांगायची, “बेटा, दिवा लाव.” त्या रात्री बेटा काही ऐकेना. भिंतीवरचं बटण होतं, पण त्यावर कागद होता, आणि ‘हात लावू नये’ म्हटलं की अम्मा हात लावत नाही. ती अंधारातच न्हाणीघराकडे निघाली. दारात टीपॉय होता. तिचं मनगट मोडलं. हाडाचे डॉक्टर म्हणाले, या वयात मनगटावर निभावलं, खुबा शाबूत राहिला, नशीब समजा. सहा आठवडे प्लॅस्टर होतं. मुलगा दोन दिवस धड जेवला नाही.

श्रोतेहो, दोष पट्टीला कसा देणार? दिवे निवडताना आम्ही छत बघितलं, भिंती बघितल्या, पाहुण्यांचे डोळे बघितले. घरात सगळ्यांत जास्त वेळ कोण असतं आणि रात्री कोण उठतं, ते बघितलं नाही.

पुढच्या रविवारी आम्ही बापलेक बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलो. पुण्यात विजेचं सामान घ्यायचं तर तिकडेच जायचं. एका वयस्कर दुकानदारांनी आमचा किस्सा ऐकून घेतला आणि माल दाखवण्याआधी विचारलं, “कुठल्या खोलीत काय काम करता, ते आधी सांगा.” तासाभरात त्यांनी आम्हाला जे शिकवलं ते असं.

पहिली गोष्ट, पांढऱ्या रंगाची. पांढरा उजेड एकाच तऱ्हेचा नसतो. तो केल्विन या मापात सांगतात. पुड्यावर २७०० किंवा ३००० लिहिलं असेल तर तो जुन्या बल्बसारखा पिवळसर, ४००० म्हणजे मधला, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. गंमत अशी की, बहुतेक पांढऱ्या एलईडीच्या पोटात निळाच दिवा असतो आणि त्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा थर देऊन तो पांढरा केलेला असतो. निळा एलईडी तयार करणं हेच अवघड काम होतं. त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पण हाच निळा अंश रात्री आपल्या शरीराला ‘अजून दिवस आहे’ असं सांगतो आणि झोप आणणारं मेलॅटोनिन कमी करतो. म्हणून झोपायच्या खोलीत २७०० ते ३०००, ओट्यावर निवडण्याचिरण्यासाठी ४०००. दिवसा एक आणि रात्री एक हवा असेल, तर पिवळसर आणि निळसर असे दोन्ही पांढरे दिवे एकाच पट्टीत असलेला प्रकारही मिळतो.

दुसरी गोष्ट, रंग किती खरे दिसतात त्याची. याला सीआरआय म्हणतात आणि तो शंभरापैकी मोजतात. ऐंशीचा चालतो, पण स्वयंपाकघरात नव्वदच्या वरचा घ्यावा. नाहीतर टोमॅटो मलूल दिसतात आणि मटण ताजं आहे की शिळं, तेच कळत नाही. रंगीबेरंगी पट्टी हवीच असेल, तर लाल, हिरवा, निळा यांच्या जोडीला पांढरा दिवा वेगळा असलेली घ्यावी. तीन रंग मिसळून केलेला पांढरा उजेड माणसांना आजारी दाखवतो.

तिसरी गोष्ट, हिशेबाची. समजा, पट्टी मीटरला ९.६ वॅट खाणारी आहे. पाच मीटरचे झाले ४८ वॅट. पट्टी १२ व्होल्टची असेल तर ४ ॲम्पिअर लागतात. तिला वीज देणारा ॲडॅप्टर नेमका ४८ वॅटचा घेऊ नये, ६० चा घ्यावा, म्हणजे तो तापत नाही. लांब पट्टीत टोकाकडचे दिवे मंद होतात, कारण वाटेत व्होल्टेज उतरतं. त्यावर उपाय दोन. दोन्ही टोकांना वीज द्यायची किंवा २४ व्होल्टची पट्टी घ्यायची, तिच्यात तेवढ्याच उजेडाला निम्मा प्रवाह लागतो. पट्टी कापता येते, पण खूण केलेल्या तांब्याच्या ठिपक्यांवरच. भेंडोळं न उलगडता फार वेळ लावून ठेवू नये, ते तापतं. आणि एलईडी म्हणजे फुकट, हाही भ्रम काढून टाकावा. ४८ वॅट रोज पाच तास जळले तर महिन्याला सात युनिटच्या आसपास होतात.

चौथी गोष्ट मला फार पटली. पट्टी उघडी लावली की चकचकीत फरशीत दिव्यांचे ठिपके दिसतात आणि ते डोळ्यांना टोचतात. ॲल्युमिनियमचं चॅनेल आणि वर दुधी झाकण घ्यावं. उजेड सारखा पसरतो, धातूमुळे उष्णता निघून जाते आणि दिवे जास्त टिकतात. पट्टीचा उजेड फडफडतो का, हे बघायचं तर दिवा मंद करून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघावं. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर ती ठेवून द्यावी. सिंकजवळ आयपी ६५ लिहिलेली, म्हणजे वरून सिलिकॉनचा लेप असलेली पट्टी लावावी.

आता कळीचा प्रश्न, ताबा कुणाचा?

यावर आम्ही घरी चौघं बसलो. अम्मालाही बसवलं. चार गोष्टी ठरल्या.

एक, भिंतीवर बटण राहणारच. कंट्रोलर असा घेतला की, ज्याला बेलच्या बटणासारखं साधं बटण जोडता येतं. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद, दाबून धरलं की मंद होत जातो. मोबाइलवरूनही चालतो. वीजपुरवठा तुटत नाही, म्हणून ‘ऑफलाइन’ होत नाही. कागद फाडून टाकला.

दोन, इंटरनेट गेलं तरी दिवा लागला पाहिजे. वायफायवरचे काही दिवे असे असतात की, आपलं बोट इथे, पण हुकूम दूरच्या कुठल्या तरी संगणकाला विचारून येतो. झिग्बीसारख्या पद्धतीत घरातल्या घरातच एका छोट्या डबीमार्फत कारभार चालवता येतो. २०२२ मध्ये आलेला ‘मॅटर’ नावाचा मापदंडही दिव्यांनी घरातल्या जाळ्यावरच बोलावं, याच बेतानं केलेला आहे. घेतल्यावर पहिल्याच दिवशी इंटरनेटची तार काढून दिवा लावून बघावा. परीक्षा तिथेच होते.

तीन, वीज जाऊन आल्यावर दिव्यानं काय करायचं, हे आधीच सांगून ठेवावं. बऱ्याच कंट्रोलरमध्ये ‘पूर्वी होता तसा राहा’ अशी सोय असते. आम्हाला ती माहीत नव्हती, म्हणून अम्माची एक झोप गेली.

चार, रात्री उठणाऱ्याला काहीच करावं लागू नये. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. म्हणजे म्हाताऱ्या माणसाला दिवसा उजेड जास्त हवा. पण रात्री एकदम झगझगाट झाला की त्याच डोळ्यांना सावरायला वेळही जास्त लागतो. त्यासाठी उजेड पिवळा, मंद आणि गुडघ्याच्या खाली हवा. अम्माच्या पलंगाखाली दोन मीटर पट्टी लावली आणि पायाशी एक सेन्सर. तो अंगाच्या उबेची हालचाल ओळखतो. तिनं पाय खाली सोडले की फरशीवर उजेड पसरतो, न्हाणीघराच्या दारापर्यंत. ती परतून आडवी झाली की दोन मिनिटांनी आपोआप मावळतो. पूर्ण ताकदीनं ही पट्टी दहा वॅट खाते. आम्ही ती दहा टक्क्यांवर ठेवली आहे, म्हणजे एखादा वॅट. आमच्या माजघरातला झिरोचा बल्बच पुन्हा घरात आला म्हणा ना, फक्त आता नावाला जास्त जागतो.

ॲडॅप्टरची जोडणी मात्र वायरमनकडून करून घेतली. पट्टीत बारा-चोवीस व्होल्ट असले तरी ॲडॅप्टरच्या अलीकडे २३० च असतात. तिथे कवीनं आणि सॉफ्टवेअरवाल्यानं हात घालू नये.

हॉलमधल्या रंगीत पट्ट्या अजून आहेत. ईदला आणि दिवाळीला लागतात, शेजारची पोरं येऊन रंग बदलतात. माझी काही तक्रार नाही.

मनगट आता बरं आहे. मूठ मात्र पूर्वीसारखी आवळत नाही. परवा पहाटे मला जाग आली तेव्हा अम्माच्या खोलीत फरशीवर तो पिवळा उजेड होता. ती नमाज पढून उठली, जानमाज घडी करून ठेवली आणि भिंतीकडे आली. पलंगाखालचा दिवा थोड्या वेळानं आपोआप विझतो, हे तिला ठाऊक आहे. तरी तिनं बटण दाबलं, विझल्याची खात्री केली आणि मला दारात बघून म्हणाली, “वीज फुकट जाते रे.”

मी काही बोललो नाही. बटण तिच्या हाताला लागलं, एवढं मला पुरे होतं.