अंडं आणि खेळाचा तास



परवा एका जिल्हा परिषद शाळेत मधल्या सुट्टीत गेले होते. खिचडीच्या पातेल्यापुढे रांग लागली होती. तिसरीतल्या एका मुलीने ताटली पुढे केली आणि विचारलं, "मावशी, अंडं परत कधी?" मावशींनी तिला पळीभर जास्त खिचडी वाढली. उत्तर मात्र त्यांच्याकडे नव्हतं.

नोव्हेंबर 2023मध्ये आपल्या राज्याने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं. न खाणाऱ्यांना केळं. जानेवारी 2025मध्ये त्यासाठीचा राज्याचा निधी थांबला. हवं असेल तर लोकसहभागातून करा, असं शाळांना सांगण्यात आलं. ज्या पाड्यावर आईबाप ऊसतोडीला जातात, तिथे मुख्याध्यापकांनी वर्गणी मागायची कोणाकडे?

पहिली ते पाचवीच्या मुलाला या जेवणातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा नियम आहे. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रथिनं असतात. म्हणजे निम्मी गरज एका अंड्यात भागते, आणि पातळ वरणासारखं त्यात पाणी घालता येत नाही. तमिळनाडूत एम. जी. रामचंद्रन यांनी 1982मध्ये शाळेतल्या जेवणाची व्याप्ती राज्यभर वाढवली. पुढे तिथे ताटात अंडं आलं, आणि 2022पासून प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारीही. एकदा दिलेलं त्यांनी वाढवत नेलं. आपण दिलेलं काढून घेतलं, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि खाल्लेलं अंगी लागायला मैदान हवं. शाळेला मैदान असावं, हे शिक्षण हक्क कायद्यातच आहे. वेळापत्रकात पीटीचा तासही असतो; पण सहामाही जवळ आली की तो गणिताला जातो. मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. 35 मिनिटांचे दोन तास धरले, तर आठवड्याचं मिळून जेमतेम एका दिवसाचं खेळणं होतं. त्यातलाही एक तास आपण काढून घेतो.

शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक असतात. तुम्ही त्यांपैकी असाल, तर पुढच्या बैठकीत एवढं विचाराच: या महिन्यात पीटीचे किती तास खरोखर मैदानावर झाले, आणि अंडं किती वेळा शिजलं? दोन्ही आकडे इतिवृत्तात लिहून घ्या.