गाणं आपलं, नावही आपलंच

बचत गटांच्या कार्यक्रमात आज आम्ही पैशांच्या हिशेबाऐवजी गाण्याच्या हिशेबाबद्दल बोलणार आहोत. त्यासाठी एका माणसाची ओळख करून देतो. त्यांचं नाव जी. एन. जोशी.

जोशी मूळचे विदर्भातले, शिक्षणाने वकील, पण गळा गाणारा. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता त्यांनी गायली. तिची तबकडी घरोघरी वाजली आणि मराठी भावगीताला वाट मिळाली. पुढे १९३८ साली ते एच.एम.व्ही. कंपनीत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले. तबकडीवर कुत्र्याचं चित्र असायचं, तीच ही कंपनी. तिथे त्यांनी तीसेक वर्षं काम केलं.

त्यांचं काम काय होतं? कलाकार शोधायचा, त्याला राजी करायचं, त्याच्याकडून उत्तम गाणं घ्यायचं. जुन्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. तासभर राग आळवणाऱ्या गवयाने तेवढ्यात काय सांगायचं? चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. मोठमोठे उस्तादही कचरायचे. जोशी स्वतः गाणारे, त्यामुळे त्यांना ही अडचण कळायची. पुढे एका बाजूला वीसेक मिनिटं मावणारी मोठी तबकडी आली. उस्ताद अमीर खाँ, बडे गुलाम अली खाँ यांचं जे गाणं आज ऐकायला मिळतं, त्यातल्या कितीतरी ध्वनिमुद्रणांमागे जोशींची खटपट आहे.

१९६७ साली त्यांनी 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी काढली. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काबरा. तिघेही तेव्हा तिशीच्या आसपासचे. काश्मीरच्या एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, त्यांनी रागांमधून उभा केला. आपल्या सातपुड्यात गुरं राखणाऱ्याला तो सहज कळेल. ती तबकडी जगभर गेली, आणि वाजवणाऱ्यांची नावंही तिच्यासोबत गेली.

आता आपल्याकडे बघू. धडगाव, अक्कलकुव्यापासून नवापूर, शहाद्यापर्यंत होळीला, लग्नाला आपल्या बाया पावरी, मावची, भिलोरी, अहिराणीत गातात. आता ध्वनिमुद्रण करणारा लांबून येत नाही, मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. आमच्या ओळखीच्या एका पाड्यावर लग्नातली गाणी कुणीतरी अशीच उतरवून घेतली. ती गावोगाव फिरली, पण खाली नाव भलत्याचंच. गाणाऱ्या आजींना कुणी विचारलंसुद्धा नाही.

मैत्रिणींनो, कायदा आपल्या बाजूने आहे. कॉपीराइट कायद्यात १९९४ सालच्या दुरुस्तीने गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना हक्क मिळाला आहे. आपलं गाणं उतरवून घ्यायचं, तर आपली संमती लागते.

म्हणून पुढच्या मासिक बैठकीत हा विषय घ्या. कुणी गाणं मागायला आलं, तर तीन गोष्टी विचारा. हे गाणं कुठे वाजणार? गाणाऱ्या बाईचं आणि गावाचं नाव लागणार का? पैसे मिळाले तर वाटा किती? उत्तरं वहीत लिहा, त्याची सही घ्या. उत्तर पटलं नाही, तर नाही म्हणा.

आणि गाणं उतरवणारी आपलीच मुलगी असेल, तर तिला सांगा: आधी आजीला पाणी दे, शेजारी बस, तिला दोनदा गाऊ दे, आणि तिचं नाव नीट विचारून लिही. जोशींचं काम तीसुद्धा करू शकते.